पाच लांडगेस्वार

लांडग्यांच्या डोळ्यांना रंग द्यायचा राहिला होता, आणि तो मी मुद्दामच राहू दिला होता. दुसऱ्या फेरीपर्यंत हे पाचही जण मरणार, मग त्यांच्या डोळ्यांवर अख्खी संध्याकाळ कशाला घालवायची, असा माझा तेव्हाचा हिशेब. नोव्हेंबर २०१३ मधली गोष्ट. शिकण्यासाठी नॉटिंगहॅमला येऊन मला दोन महिने झाले होते. वॉरहॅमर हा रंगवलेल्या छोट्या पुतळ्यांच्या फौजा टेबलावर लढवायचा खेळ काढणाऱ्या गेम्स वर्कशॉपचं मुख्यालय याच शहरात, लेंटन भागात आहे. सांगलीत असताना ज्या खेळाचे फक्त फोटो बघत बसायचो, तो इथे दर मंगळवारी संध्याकाळी एका छोट्या सभागृहात आठ-दहा टेबलांवर मांडलेला असायचा. पहिल्या दिवशी मी तीन तास नुसता उभा राहून बघत होतो.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडंसं. सहा फूट बाय चार फुटांचं टेबल. दोघांची फौज ठरलेल्या पॉइंटांची, आमच्याकडे बहुतेकदा २४०० ची. शिपाई चौकोनी बेसवर, खांद्याला खांदा लावून रांगांत उभे असतात. अशा एकेका ठोकळ्याला मी पलटण म्हणतो. चाल इंचांत मोजायची, मारामारी फाशांनी ठरवायची, सहा फेऱ्या खेळायच्या. यातली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पलटणीला तोंड असतं. ती समोर जाऊ शकते, एका कोपऱ्यावर फिरून हळूहळू वळू शकते, पण अगदी बगलेला किंवा मागे बघायचं म्हटलं तर बहुतेक वेळा अख्खी चाल त्यातच जाते. हा खेळ पहिल्यांदा १९८३ मध्ये निघाला. आम्ही खेळायचो ती आठवी आवृत्ती, २०१० ची.

माझी फौज ऑर्क आणि गॉब्लिन या काल्पनिक राक्षसी जमातींची. नाइट गॉब्लिन ३ पॉइंटला एक, ब्लॅक ऑर्क १२ ला, ट्रोल ३५ ला. लांडग्यावर बसलेला गॉब्लिन १० ला, म्हणजे पाच जणांची तुकडी ५० पॉइंटांत. २४०० मधले ५०. इंग्रज खेळाडू अशा स्वस्त, मरायला पाठवायच्या तुकड्यांना चॅफ म्हणतात. धान्य पाखडताना सुपातून उडून जातं ते फोलपट. मला मात्र बघताक्षणी आपला शब्द सुचला होता, लिंबूटिंबू. गल्लीतल्या खेळात कुणाचा तरी धाकटा भाऊ घ्यावाच लागतो, तो आउट झाला तरी आउट नसतो आणि त्याने धावा काढल्या तरी कुणी मोजत नाही. माझे पाच लांडगेस्वार मला तसे वाटले. ते मी क्लबमधल्याच एकाकडून जुने विकत घेतले होते, दोघांचे भाले मोडलेले.

स्वस्त तुकडी काय करू शकते हे मला पहिल्यांदा दाखवलं ते समोरच्याने. तो एका प्राथमिक शाळेत शिक्षक होता आणि डार्क एल्फ खेळायचा. माझ्या नाइट गॉब्लिनांच्या पलटणीत तीन फनॅटिक लपवलेले होते. हे साखळीला बांधलेला लोखंडी गोळा गरगरा फिरवणारे वेडे गॉब्लिन, एक २५ पॉइंटला. शत्रूची कुठलीही तुकडी ८ इंचांच्या आत आली की ते बाहेर पडतातच, त्यांना रोखून धरणं माझ्या हातात नसतं. माझी सगळी आशा या तिघांवर. ते त्याच्या महागड्या पलटणीत घुसणार आणि चुराडा करणार. त्याने पहिल्याच फेरीत पाच हार्पी, म्हणजे पंखवाल्या राक्षसिणी, उडवत आणून माझ्या गॉब्लिनांसमोर ७ इंचांवर ठेवल्या. तिघेही फनॅटिक सुटले. तीन हार्पी मेल्या. पुढच्या फेरीपासून फनॅटिक कुठे भरकटणार ते फासे ठरवतात. त्यातला एक उलटा फिरला आणि माझ्याच ऑर्कांमध्ये शिरला. शिक्षकाची मुख्य पलटण तोवर जागची हललीसुद्धा नव्हती. मला राग आला नाही, आश्चर्य वाटलं. त्या हार्पींनी एकही वार केला नव्हता आणि माझा सगळा डाव त्यांनी माझ्याकडून खर्च करून घेतला होता.

पुढच्या मंगळवारी मी लांडगेस्वार घेऊन गेलो. तोच शिक्षक, तीच फौज. मध्यभागी त्याच्या तीस विच एल्फ, विषारी सुऱ्या घेतलेल्या, अंगावर चिलखत नाही, पण वार इतके की फासे दोन ओंजळींनी टाकावे लागायचे. मी त्यांच्यासमोर सरळ, अगदी तोंडासमोर तोंड करून पाच लांडगेस्वार उभे केले, आणि त्यांच्या पाठीमागे पाच-सहा इंचांवर नाइट गॉब्लिनांची मोठी पलटण. मनात असं की लांडगे एक फेरी अडवतील. विच एल्फांनी चार्ज केला, म्हणजे धावून येऊन हल्ला केला, लांडगे एका झटक्यात संपले, आणि मग नियमाप्रमाणे त्या पुढे धावल्या. चार्ज केलेल्या फेरीतच समोरचे सगळे मेले तर पलटण दोन फासे टाकून तितके इंच सरळ पुढे जाऊ शकते, आणि वाटेत दुसरी पलटण आली तर तिच्यावर तो नवा चार्ज धरला जातो. फाशांवर आठ पडले. माझे गॉब्लिन पाच-सहावर होते.

त्याच्या पुढच्या आठवड्यात मी दुसरी चूक केली. या वेळी लांडग्यांना उभं ठेवायचं नाही, पळवायचं, असं ठरवलं. चार्ज जाहीर झाला की ज्याच्यावर आला त्याला पळून जायचा पर्याय असतो. पळाले तर चार्ज करणारे अर्धवट अंतरावर तोंडघशी पडतात. लांडगे पळाले खरे, पण पळणारा चार्ज करणाऱ्याच्या अगदी उलट दिशेला पळतो, आणि त्या दिशेला माझे गॉब्लिन होते. आपलेच लोक अंगावरून पळत गेले की प्रत्येक पलटणीला पॅनिकची, म्हणजे घाबरून पळते का याची, टेस्ट द्यावी लागते, दोन फाशांची बेरीज लीडरशिपइतकी, म्हणजे पलटणीच्या धीराच्या आकड्याइतकी किंवा कमी. नाइट गॉब्लिनांची लीडरशिप ५. म्हणजे ३६ पैकी १० वेळाच टिकणार. सरदार जवळ असता तर त्याची लीडरशिप वापरता आली असती, पण तो १२ इंचांपलीकडे होता. पन्नास गॉब्लिन टेबलाच्या कडेकडे धावत सुटले आणि थांबलेच नाहीत.

त्या रात्री सभागृह आवरताना एका म्हाताऱ्या खेळाडूने मला थांबवून घेतलं. हा स्केव्हन खेळायचा, उंदीरमाणसं. रेल्वेतून निवृत्त झालेला, हात थोडे थरथरायचे, पण टेपने मोजताना अगदी स्थिर व्हायचे. तो म्हणाला, "तू तुझ्या लांडग्यांनी किती मारले आणि किती वेळ टिकले हे मोजतोयस. ते मरणारच आहेत. ते मेल्यावर त्या बायकांचं तोंड कुणीकडे होतं, ते मोज." मग त्याने खोक्यातून पुठ्ठ्याचे दोन तुकडे काढले, एक मोठा, एक लहान, आणि टेबलावर ठेवून मला कोन दाखवायला सुरुवात केली. सभागृहाचे दिवे बंद करायला माणूस आला तरी आम्ही तिथेच होतो.

नियम असा आहे. चार्ज करणारी पलटण समोरच्याला टेकली की ती कोपऱ्यावर फिरून त्याला पूर्ण समांतर होते, तोंडाला तोंड लावून. वळून कुणी घ्यायचं, तर चार्ज करणाऱ्याने. म्हणजे मी लांडगे तिरके उभे केले, तर त्यांना मारायला आलेल्या पलटणीला तिरकं व्हावंच लागतं. मग लांडगे मेले की ती सरळ पुढे धावणार, पण आता सरळ म्हणजे माझ्या फौजेकडे नाही, मी ठरवलेल्या दिशेला. ५० पॉइंटांत मी शत्रूचं तोंड विकत घेतो.

मी घरी येऊन धान्याच्या खोक्याचा पुठ्ठा कापला. विच एल्फांचा बेस २० मिलिमीटरचा, सात जणींची रांग म्हणजे १४ सेंटिमीटर. लांडगेस्वाराचा बेस २५ बाय ५०, पाच जण ओळीत म्हणजे साडेबारा सेंटिमीटर. जेवणाच्या टेबलावर रोज रात्री अर्धा तास हे पुठ्ठे सरकवत बसायचो. माझा खोलीतला जोडीदार फलटणचा. त्याला या मिनिएचर प्रकरणात काही रस नव्हता, पण एका रात्री चहाचा कप हातात घेऊन तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "अरे, हा तर खो-खो आहे."

तो शाळेत असताना जिल्ह्यापर्यंत खेळलेला. त्याने पुठ्ठ्यावर बोट ठेवून सांगितलं, पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा घेतली की त्याला मागे वळता येत नाही, एक तर खांबापर्यंत जायचं नाही तर खो द्यायचा. मधली पाटीही ओलांडता येत नाही. म्हणून चांगला धावणारा जोरात पळून वाचत नाही. तो हूल देतो, पाठलाग करणाऱ्याला चुकीची दिशा घ्यायला लावतो आणि पलीकडे निघून जातो. "तुझे लांडगे हूल देतायत. फक्त ते बाद होतात एवढंच."

मला त्या क्षणी जे उमगलं ते महिनाभर नियमांचं पुस्तक वाचून उमगलं नव्हतं. मी लहानपणापासून बुद्धिबळ खेळलेला, त्यामुळे लांडग्यांकडे प्यादं म्हणूनच बघत होतो. पण बुद्धिबळात प्यादं खायला आलेला वजीर पुढच्या चालीला आल्या वाटेने परत जाऊ शकतो. त्याला तोंड नसतं. या खेळात तीस जणींची पलटण वळायची म्हणजे एक फेरी जाते, आणि सहाच फेऱ्या असतात. प्याद्याच्या बळीने पट उघडतो किंवा वेळ मिळतो. इथे बळी देऊन दिशा मिळते. माझं सगळं गणित चुकीच्या खेळातून आलेलं होतं.

त्यानंतर जोडीदार रोज बसायला लागला. तो विच एल्फांचा पुठ्ठा चालवायचा आणि मी लांडग्यांचा, आणि तो फार निर्दयपणे खेळायचा. "असं ठेवलंस तर मी इकडून येणार," म्हणून दाखवायचा. एका कोनात पाच अंशांचा फरक पडला तरी चार्ज लांडग्यांच्या तोंडावर न येता बगलेवर येतो, आणि मग समांतर होण्याची दिशा पूर्ण बदलते, हे मी त्याच्याकडूनच शिकलो.

यात पळायचं कधी आणि उभं राहायचं कधी हा प्रश्न सगळ्यात अवघड होता, आणि तो मला अजूनही अवघड वाटतो. लांडगे पळाले तर शत्रूला लीडरशिपची टेस्ट देऊन दुसऱ्या कुणावर चार्ज वळवता येतो. म्हणजे आजूबाजूला दुसरं सावज टप्प्यात असेल तर पळणं म्हणजे त्यालाच दार उघडून देणं. अशा वेळी उभं राहून मरायचं. पण जवळपास कुणीच नसेल तर पळणं उत्तम. लांडगेस्वार हे हलके घोडदळ धरले जातात. ते चार्जपासून पळाले आणि पुढच्या फेरीत सावरले, तर त्याच फेरीत पुन्हा नेहमीसारखी चाल करू शकतात. सावरण्यासाठी त्यांची स्वतःची लीडरशिप ६, म्हणजे ३६ पैकी १५. पण माझा ब्लॅक ऑर्क सरदार १२ इंचांच्या आत असेल तर ९ धरायची, म्हणजे ३६ पैकी ३०. त्या एका आकड्यामुळे मी सरदार फौजेच्या टोकाला ठेवणं बंद केलं आणि मध्यावर आणला.

स्केव्हनवाल्या म्हाताऱ्याबरोबर मी जानेवारीत दोन डाव खेळलो आणि बळी देण्याची अगदी वेगळी रीत बघितली. त्याच्या गुलाम उंदरांचा भाव होता २ पॉइंटला एक. तो त्यांचे पन्नास-पन्नासाचे ठोकळे माझ्या ब्लॅक ऑर्कांना भिडवायचा. आठव्या आवृत्तीत ज्याच्या मागे रांगा जास्त तो हरला तरी टिकण्याची टेस्ट आपल्या मूळ लीडरशिपवरच देतो, कितीही मार खाल्ला असला तरी. माझे ऑर्क फेरीमागून फेरी गुलाम कापत राहायचे आणि कुठेही जाऊ शकायचे नाहीत. वर त्या फौजेला एक खास मुभा होती, गुलाम लढत असलेल्या गर्दीत इतर स्केव्हन बिनदिक्कत गोळ्या झाडू शकायचे. नेहमीच्या नियमांत आपल्या माणसांवर असं करता येत नाही. पहिल्यांदा त्याने ते केलं तेव्हा मला बसल्या जागी कसंतरी झालं, लाकडी टेबलावरचे प्लॅस्टिकचे उंदीर असूनसुद्धा. हा खेळ लिहिणाऱ्यांनी प्रत्येक जमातीचं मन तिच्या बळींच्या नियमात घालून ठेवलंय, आणि मला तो त्यांच्या लेखनातला सर्वात सशक्त भाग वाटतो. स्केव्हन आपल्या गुलामांवर गोळ्या झाडतात. माझ्या ऑर्कांसमोर गॉब्लिन मेले किंवा पळाले तर ऑर्कांना पॅनिकची टेस्टच द्यावी लागत नाही. त्यांच्या लेखी गॉब्लिन मोजायच्या लायकीचेच नाहीत. गॉब्लिनांना मात्र गॉब्लिन पळाले की भीती वाटते.

तीच युक्ती मी माझ्या पन्नास नाइट गॉब्लिनांवर वापरून बघितली. सरदाराची ९ ची लीडरशिप आणि निशाणधारकामुळे मिळणारी दुसरी संधी, दोन्ही मिळून टिकण्याची शक्यता शंभरात ९७ च्या आसपास जाते. एका डावात ते चार फेऱ्या एका महागड्या पलटणीला धरून उभे राहिले. हेही उपयोगी आहेच, पण माझा जीव लांडग्यांवर जडला होता.

आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली, ती मांडणीच्या वेळची. डाव सुरू होण्याआधी दोघे आळीपाळीने एकेक तुकडी टेबलावर ठेवतात. ज्याच्याकडे तुकड्या जास्त त्याचं मोठं गुपित शेवटपर्यंत हातात राहतं. मी पाच-पाच लांडगेस्वारांच्या तीन तुकड्या घ्यायला लागलो, १५० पॉइंटांत तीन वेळा 'आता तुझी पाळी' म्हणायची सोय. तिसरी तुकडी ठेवेपर्यंत समोरच्याला विच एल्फ कुठे आहेत ते दाखवावंच लागायचं. मग मी ब्लॅक ऑर्क ठेवायचो. एकही फासा न पडता लांडग्यांनी काम केलेलं असायचं. शिवाय ते शत्रूच्या ८ इंचांत शिरले की त्याच्या पलटणींना दुप्पट वेगाने चालायचं असेल तर टेस्ट द्यावी लागते. म्हणून एक तुकडी वळसा घालून पिछाडीला नुसती फिरवत ठेवणंही परवडतं.

फेब्रुवारीत एका शनिवारी मी तिन्ही तुकड्या पुन्हा रंगवायला घेतल्या. मोडलेले भाले तारेचे करून बसवले. लांडग्यांच्या पाठीवर करड्या रंगाचे तीन थर दिले, आणि डोळ्यांना पिवळा. माझ्या हातांनी सगळ्यात जास्त वेळा उचललेले, सगळ्यात जास्त वेळा अंशाअंशाने फिरवलेले शिपाई हेच होते. ट्रोल डावात दोन-तीनदा हलतात. लांडग्यांकडे मी प्रत्येक फेरीत डोळे बारीक करून बघायचो, आणि ते बिनडोळ्यांचे होते हे मला आता सहन होईना.

मार्चमध्ये पुन्हा त्या शिक्षकाशी गाठ पडली. त्याच्या तीस विच एल्फ, आत एक नायिका, निशाणधारक जवळच. दोन रीपर बोल्ट थ्रोअर, म्हणजे मोठे बाण सोडणारी यंत्रं, पाच हार्पी आणि काही डार्क रायडर, त्याचे घोडेस्वार. पहिल्या दोन फेऱ्या मी त्याच्या हार्पींच्या मागे लागलो. माझे भालेफेके, गॉब्लिनच फेकणारी डूम डायव्हर नावाची गलोल, सगळं त्यांच्यावर. तोपर्यंत मी शिकलो होतो की समोरच्याचं फोलपट आधी उडवायचं, नाही तर तो माझ्या ब्लॅक ऑर्कांचं तोंडही असंच वळवणार. दुसऱ्या फेरीअखेर हार्पी संपल्या. माझीही एक लांडग्यांची तुकडी बोल्टांनी गेली. पाचातले दोन मेले, उरलेले तिघे पॅनिक होऊन टेबलाबाहेर.

तिसऱ्या फेरीत विच एल्फ मध्यावर आल्या होत्या. माझे ब्लॅक ऑर्क त्यांच्यापासून माझ्या उजव्या हाताला, थोडे मागे. डावीकडे मागे मोकळी जमीन आणि पुढे एक जंगल. मी दुसरी लांडग्यांची तुकडी घेतली आणि विच एल्फांच्या नाकासमोर दीड इंचावर ठेवली, तोंडं माझ्यापासून दूर, उजव्या कोपऱ्याकडे तिरकी. त्यांना भिडणाऱ्यांची तोंडं माझ्या डाव्या मागच्या कोपऱ्याकडे होणार. आठव्या आवृत्तीत कधीही मोजता येतं, म्हणून मी टेप लावून तीनदा मोजलं. त्या पुढे २ इंच धावल्या तरी आणि १२ धावल्या तरी त्यांची डावी बगल माझ्या ब्लॅक ऑर्कांसमोर उघडी पडत होती. मागे कुणीही नव्हतं.

तो बराच वेळ टेबलाकडे वाकून बघत राहिला. विच एल्फांना फ्रेन्झी असते, म्हणजे पिसाटपणा. समोर कुणी टप्प्यात असेल तर त्यांनी चार्ज करायचाच, थांबायचं असेल तर लीडरशिपची टेस्ट. महिनाभरापूर्वी याच प्रसंगात त्याने ती टेस्ट पास करून त्यांना थांबवलं होतं आणि माझे लांडगे नंतर बोल्टांनी मारले होते. तेव्हा ते लांब उभे होते. आता ते दीड इंचावर होते. चार्ज न करता कुठल्याही शत्रूच्या एक इंचाच्या आत जाता येत नाही, त्यामुळे त्या थांबल्या तरी पुढे जायला वाट नव्हती, आणि गोळाबारीची पाळी चालींनंतर येते. लांडगे मेले तरी त्या फेरीची चाल त्यांना परत मिळणार नव्हती. त्याने फासे उचलले आणि पुन्हा खाली ठेवले. म्हणाला, "दोन्हीकडून अडकलोय." मग त्याने टेस्ट न देताच चार्ज जाहीर केला.

मी म्हणालो, उभे राहतील.

विच एल्फ सरकल्या, कोपऱ्यावर फिरल्या, लांडग्यांना समांतर झाल्या. लांडगे पाचही मेले. मी एकेक उचलून बाजूला ठेवला. पिसाट पलटणीला स्वतःला आवरता येत नाही. त्या पुढे धावल्या, फाशांवर सहा, माझ्या डाव्या कोपऱ्याच्या दिशेने. आता त्यांच्या बगलेपासून माझे ब्लॅक ऑर्क बरोबर आठ इंचांवर. ऑर्कांची चाल ४, वर दोन फासे. ३६ पैकी तीनच वेळा हुकलं असतं. माझे तळहात ओले झाले होते. नऊ पडले.

बगलेवरून आलेल्या पलटणीविरुद्ध त्या थोड्याच जणी लढू शकत होत्या, आणि त्यांच्या मागच्या रांगांची मोजदाद बाद झाली होती. दोन्ही हातांनी धरायच्या जड कुऱ्हाडींमुळे ऑर्क शेवटी वार करतात, तोवर चार-पाच ऑर्क पडले. मग आमची पाळी आली. अंगावर चिलखत नसलेल्या त्या रांगा मावळत गेल्या. तो फार वेगाने आकडे मोजणारा माणूस, पण या वेळी सावकाश मोजत होता. त्याच फेरीत त्या हरल्या, पिसाटपणा गेला, पुढच्या फेरीत मोडल्या आणि पळता पळता कापल्या गेल्या.

डाव बरोबरीत सुटला. त्याच्या बोल्ट थ्रोअरांनी माझे ट्रोल टिपले होते आणि माझ्या लांडग्यांचे १०० पॉइंट त्याला मिळालेच, कारण मेलेली तुकडी ही मेलेली तुकडी, स्वस्त असली तरी. आवरताना त्याने माझा एक लांडगा उचलून दिव्याखाली धरला आणि डोळ्यांबद्दल विचारलं, कुठला पिवळा वापरलास. मी सांगितलं.

तीन आठवड्यांनी आम्ही परत खेळलो. मांडणी झाली, पहिली चाल त्याची. त्याच्यासमोर माझे ट्रोल होते, सरदार होता, डूम डायव्हर होता, सगळे टप्प्यात. त्याने दोन्ही बोल्ट थ्रोअर फिरवले आणि उजवीकडच्या पाच लांडगेस्वारांवर रोखले. बारा बाण. मी पाचही जण उचलून खोक्यात ठेवले, टेप हातात घेतली आणि टेकडीआडच्या दुसऱ्या तुकडीकडे वळलो.